वाचकांचे प्रश्न : ईएफ चांगला, मग जीएलएस का घसरला?

प्रश्न : आईला (वय ५८) स्तनाच्या कर्करोगासाठी डॉक्सोरुबिसिन (हृदयाला इजा करू शकणारं केमोचं औषध) सुरू आहे. केमोआधीच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ ६२ टक्के आणि जीएलएस -२०.४ होता. आता ईएफ ६० आहे, पण जीएलएस -१७.१ आला. काळजी करायची का? आणि आकडा उणे कसा?

उत्तर : आधी उण्याचं सांगतो. जीएलएस म्हणजे ठोक्यागणिक हृदयाच्या स्नायूची लांबी किती टक्के बदलली तो आकडा. स्नायू आकसला की त्याची लांबी घटते, म्हणून उणे. हृदयाच्या भिंतीची लांबी ८ सेंटिमीटरवरून ६.४ झाली तर आकडा -२० टक्के. निरोगी हृदयात तो साधारण -२० च्या आसपास असतो; शून्याकडे सरकणं वाईट.

ईएफ सांगतो की डाव्या खालच्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडलं. जीएलएस खुद्द स्नायू किती आकसला ते सांगतो. भिंतीच्या आतल्या थरातले तंतू उभे असतात आणि इजा बहुधा त्यांनाच आधी जाणवते. मधले आडवे तंतू जोर लावून रक्त बाहेर ढकलत राहतात, त्यामुळे ईएफ बराच काळ सावरलेला दिसतो.

आता हिशेब. २०.४ मधून १७.१ गेले, उरले ३.३, त्याला २०.४ ने भागलं की घट सुमारे १६ टक्के. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात १५ टक्क्यांहून जास्त सापेक्ष घट दखल घेण्याजोगी मानली आहे. म्हणजे आईचा आकडा उंबरठ्याच्या जेमतेम पलीकडे आहे. केमो स्वतःहून थांबवू नका. पण दोन्ही रिपोर्ट घेऊन कर्करोगतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांनाही याच आठवड्यात भेटा.

त्याआधी मोजमाप नीट झालंय का, हे तपासून घ्या. इकोच्या चित्रात स्नायूवर जे करडे ठिपके दिसतात, त्यांची नक्षी सॉफ्टवेअर एका फ्रेमवरून पुढच्या फ्रेममध्ये शोधत जातं. फ्रेमचा वेग सेकंदाला ४० ते ८० हवा. त्याहून कमी असेल तर दोन फ्रेममध्ये नक्षी इतकी सरकते की पुन्हा सापडतच नाही. हृदयाच्या टोकाकडून घेतलेली तिन्ही दृश्यं लागतात : चार कप्प्यांचं, दोन कप्प्यांचं आणि महाधमनीसह लांब अक्षाचं. प्रोब (छातीवर फिरवायचं उपकरण) थोडा वर किंवा तिरका धरला गेला तर हृदयाचं टोक कापलं जातं, कप्पा आखूड दिसतो आणि आकडा भरवशाचा राहत नाही. मोजणीसाठी स्नायूवर आखलेला पट्टा रुंद होऊन बाहेरचं आवरण त्यात आलं, तर ते फारसं हलत नसल्यामुळे आकडा उगाच कमी येतो. आणि ही चूक पडद्यावर पटकन डोळ्यात भरत नाही!

त्या दिवशी रक्तदाब किती होता? दाब चढलेला असेल तर निरोगी स्नायूही कमी आकसतो. म्हणून रिपोर्टवर रक्तदाब लिहून घ्या. यंत्र आणि सॉफ्टवेअर आधीचंच होतं का, हेही विचारा. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. त्या फरकातच ३.३ ची घट बसू शकते. शक्य असेल तर त्याच सेंटरला, त्याच यंत्रावर पुन्हा इको करा आणि जुनी क्लिपही तिथेच मोजून घ्या.

प्रश्न : एमआरआयवर ही हालचाल जास्त अचूक दिसते का?

उत्तर : टॅगिंग नावाच्या पद्धतीत दिसते. १९८८-८९ च्या सुमारास ती पुढे आली. ठोक्याच्या सुरुवातीला स्नायूवर चुंबकीय काळ्या रेषांची जाळी उमटवतात आणि ती कशी वाकते ते पाहतात. साध्या सिने (हलत्या चित्राच्या) एमआरआयमध्ये स्नायू सगळीकडे सारखाच राखाडी दिसतो, त्यामुळे कडेची हालचाल कळते पण आतला बिंदू नेमका कुठे गेला ते कळत नाही. जाळी ती उणीव भरून काढते. अडचण एकच : रेषा काही दशांश सेकंदांत फिकट होऊ लागतात, म्हणून आकुंचन नीट मोजता येतं, पण ठोक्याच्या शेवटाकडचं प्रसरण निसटतं. केमोच्या दर फेरीला पाहायचं तर इकोच सोयीचा.