बाळाच्या दुधासाठी प्लास्टिकच्या बाटलीऐवजी काय वापरावं?

माझं मत विचाराल तर घरी बोरोसिलिकेट (उष्णता सोसणाऱ्या) काचेची बाटली, बाहेर जाताना स्टीलची. काच उकळता येते, वास धरत नाही आणि आतला साय-थर लगेच दिसतो. फक्त फ्रिजमधून काढून थेट उकळत्या पाण्यात टाकू नका, आणि कडेला टवका उडाला की बाटली बाद. स्टील फुटत नाही, पण दूध किती उरलं ते दिसत नाही. रात्री तीन वाजता हे फार जाणवतं! निपल सिलिकॉनचं घ्या. चिकट झालं किंवा चीर गेली की बदला.

प्लास्टिकच्या बाटलीवर 'बीपीए-फ्री', म्हणजे काही कडक प्लास्टिकमध्ये असणारं बीपीए हे रसायन यात नाही, असं लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. काही ठिकाणी त्याच्या जागी बीपीएस हे त्याचंच भावंड वापरतात. पॉलिप्रोपिलीन या बाटल्यांच्या प्लास्टिकमध्ये बीपीए नसतं, पण गरम पाणी घालून हलवलं की प्लास्टिकचे सूक्ष्म कण सुटतात, हे २०२० च्या एका संशोधनात दिसलं.

सध्या प्लास्टिकचीच बाटली असेल तर पावडरचं दूध काचेच्या किंवा स्टीलच्या स्वच्छ, उकळलेल्या भांड्यात बनवा, कोमट झाल्यावर बाटलीत ओता. पावडर मिसळताना मात्र पाणी ७० अंश सेल्सिअसखाली उतरू देऊ नका, पावडरमधले जंतू त्यानेच मरतात. मायक्रोवेव्ह नकोच.