जीभ अडते ती जागा शोध

लष्कर, ग्वाल्हेर

बेटा, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. 'शी सेल्स सी-शेल्स' हे जीभ अडखळवणारं इंग्रजी वाक्य एका दमात मारून नेलंस खरं, पण 'शी शेल्स' झालंच. स्टॉपवॉच आधी बंद कर. किती सेकंदांत म्हटलं याची मौज कॉलेजच्या गॅदरिंगपुरती ठीक; तुला निवेदन करायचंय.

जीभ अशी का घसरते? तोंड एक आवाज काढत असतं तेव्हा मेंदू पुढच्याची जुळवाजुळव करत असतो. 'स' आणि 'श'च्या जागा तोंडात लागून-लागून, त्यामुळे पुढचा 'श' आधीच घुसतो. 'कच्चा पापड, पक्का पापड'मध्ये आपलं हेच होतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधक स्टेफनी शॅटक-हफ्नागेल यांनी 'पॅड किड पोअर्ड कर्ड पुल्ड कॉड' लोकांना भराभर म्हणायला लावलं, तर काही जण चक्क गप्पच झाले. तेव्हा आपण एकटेच नाही.

आता 'द सिक्स्थ सिक शेख्स सिक्स्थ शीप्स सिक' घे. गिनीज बुकानं एके काळी यालाच इंग्रजीतलं सर्वांत अवघड म्हटलं होतं. पूर्ण वाक्य घोटत बसू नकोस. खरी अडचण 'सिक्स्थ'च्या शेवटी आहे: क, स, थ लागोपाठ, मध्ये स्वरच नाही. त्यात आपला 'थ' तिथे चालत नाही. आपण जीभ दातांना टेकवून हवा अडवतो. इंग्रजीत जिभेचं टोक दातांच्या फटीत ठेवून हवा सुटू द्यायची. नुसतं 'सिक्स' म्हण, 'स' लांबव आणि तो चालू असतानाच जीभ पुढे सरकव. मग 'सिक्स्थ सिक', म्हणजे पुन्हा मागे. एवढंच, हळू.

ग्वाल्हेरात राहून हे वेगळं सांगायला नको. १९१८ पासून चालू असलेल्या आपल्या माधव संगीत महाविद्यालयात जाऊन ऐक. पलटा, म्हणजे सरावाची स्वरांची ओळ, ठाय (संथ) लयीत पक्का झाल्याशिवाय दुगुन, म्हणजे दुप्पट वेगात, कोण घेऊ देतं?

'पीटर पायपर' मात्र रोज म्हण. १८१३ साली लंडनात छापलेल्या उच्चाराच्या पुस्तकातलं आहे ते. शब्दारंभी इंग्रजी 'प' किंचित फुंकरीसह येतो. तोंडासमोर कागदाची पट्टी धर, ती हलली पाहिजे. आपल्या 'पापड'ला हलत नाही. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' आरशासमोर: पहिल्यात ओठ गोल, दात लागता कामा नयेत.

रविवारी बाड्याकडे आलीस तर घरी ये. फक्त 'सिक्स्थ सिक' ऐकव, पूर्ण वाक्य नको.

तुझे काका