सासू-सासऱ्यांना ‘टोकियो स्टोरी’ दाखवताना

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी परदेशी त्यांच्याकडे आले आहेत आणि शहरातल्या कलासंग्रहालयात शनिवारी दुपारी यासुजिरो ओझू यांचा १९५३ सालचा ‘टोकियो स्टोरी’ हा जपानी चित्रपट दाखवला जाणार आहे. पती-पत्नी दोघांनाही त्या दिवशी कामे असल्यामुळे ज्येष्ठांना तिथे सोडून नंतर घ्यायला गेले तर चालेल का, आणि सासूबाईंना इंग्रजी उपशीर्षके वाचता येत नाहीत त्याचे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

चित्रपट अवश्य दाखवा, पण त्यांना सोडून येऊ नका. ओनोमिची या गावातले वृद्ध आईवडील मुलांना भेटायला टोकियोला येतात. थोरला मुलगा डॉक्टर आहे. रविवारी सगळे फिरायला निघणार, तेवढ्यात त्याला रुग्णाकडून बोलावणे येते आणि बेत रद्द होतो. मुलीचे केशभूषेचे दुकान असल्याने तिलाही सवड नाही. मग भावंडे पैसे काढून आईवडिलांना आतामीच्या गरम झऱ्यांवर पाठवतात, जिथे रात्रभर चाललेल्या गोंगाटामुळे त्या दोघांना डोळ्याला डोळा लागत नाही. ही मुले दुष्ट नाहीत, त्यांना फक्त वेळ नाही; आणि तुमचा शनिवारचा बेत, राग मानू नका, थेट आतामीच्या वळणावर जातो.

भाषेची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. आदल्या रात्री जेवताना सगळी कथा मराठीत सांगून टाका, कारण या चित्रपटात रहस्य असे काही नाही. गावी परतल्यावर आईचा मृत्यू होतो आणि ओसाकाचा मुलगा वेळेवर पोहोचू शकत नाही, हेही आधीच सांगा. परदेशी राहणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना हा प्रसंग अंधारात अचानक समोर येणे फार जड जाईल. बाकीचे त्यांना पाहूनच कळेल. सुरुवातीला प्रवासाची बांधाबांध करताना हवेची उशी आजींकडेच दिली आहे असे आजोबा म्हणत राहतात आणि ती शेवटी आजोबांच्याच सामानात सापडते. सासूबाईंना त्यासाठी उपशीर्षक लागणार नाही. कॅमेराही बहुतेक वेळा जवळपास पाटावर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर असतो.

तुम्ही सून आहात, म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहिते. युद्धात पती गमावलेली धाकटी सून नोरिको कामावरून सुट्टी घेऊन सासू-सासऱ्यांना टोकियो दाखवते आणि आपल्या एका खोलीच्या घरात शेजारणीकडून साके ही तांदळाची जपानी दारू मागून आणून त्यांचा पाहुणचार करते. तिला मापदंड मानून स्वतःला मोजू नका, आणि घरात कोणी तशी तुलना करू लागले तर तुमच्या यजमानांनी ती तिथेच थांबवावी. सासरे शेवटी स्तुती करतात तेव्हा ती स्वतःच सांगते की आपण तितक्या चांगल्या नाही, कित्येक दिवस पतीची आठवणही येत नाही.

चित्रपट १३६ मिनिटांचा आहे. सासऱ्यांना मध्येच उठावे लागत असेल, तर कडेच्या खुर्च्या धरा. सुटल्यावर लगेच ‘कसा वाटला?’ असे विचारू नका. संग्रहालयाच्या उपाहारगृहात चहा घेत बसा आणि सासूबाई बोलायला लागतील तेव्हा ऐका. दोघांनाही सुट्टी मिळत नसेल, तर निदान तुमच्या यजमानांनी त्या दुपारी फोन बंद करून आईशेजारी बसावे.