पहिली मॅग्नेटिक ड्रिल घेताना

भाऊ, मॅग्नेटिक ड्रिल म्हणजे चुंबकाने लोखंडी प्लेटला चिकटून भोक पाडणारी मशीन. ती घेताना मोटरच्या वॅटवर भुलू नका. आधी तुमच्या कामातली प्लेट किती जाड, ते बघा. चुंबकाची पकड कंपन्या साधारण 25 मिमी जाड, स्वच्छ प्लेटवरची सांगतात. धुळे-जळगावकडच्या शेडच्या कामात 6-8 मिमी प्लेट आली की ही पकड बरीच घटते. तिथे खालून जाड प्लेट क्लॅम्प करा. रंग, गंज, बुरादा आधी साफ करा. मशीन जरा जरी सरकली, तरी कटरचे दात तुटतात. 19.05 मिमी वेल्डन शँकची (शँक म्हणजे कटरचा मशीनमध्ये बसणारा दांडा) मशीनच घ्या, तिचे कटर सहज मिळतात. मशीन पडू नये म्हणून सेफ्टी चेन मात्र बांधायचीच: लाइट गेली की इलेक्ट्रोमॅग्नेट (विजेवरचा चुंबक) तिथल्या तिथे सुटतो, आणि आपल्याकडे लाइटचा काय भरवसा!