लो व्हिजन असलेल्या मुलीला इंदूरच्या कॉलेजात काय सोयी मिळतात, आणि त्या कोणाकडे मागायच्या?

तुम्ही लिहिलंय की बदलीमुळे अकोल्याहून इंदूरला आलात, मुलीला पन्नास टक्के लो व्हिजन आहे (म्हणजे चष्मा लावूनही नीट दिसत नाही) आणि तिचा सरकारी कॉलेजात बी.कॉम.ला प्रवेश झालाय. शाळेत बाईंनी सगळं सांभाळून घेतलं. आता कोणाकडे जायचं, आणि मागायला गेलो तर तिला वेगळं पाडतील का, अशी तुम्हाला काळजी आहे.

मलाही लो व्हिजन आहे. बी.ए., एम.ए. दोन्ही इंदूरमध्येच केलं आणि आता ओळखीतल्या मुलामुलींना असे अर्ज लिहायला मदत करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

शाळेत एक वर्गशिक्षिका असते, ती वर्षभर लक्ष ठेवते. कॉलेजात विषयागणिक प्राध्यापक बदलतात आणि परीक्षेच्या खोलीत कोण असेल ते कोणालाच माहीत नसतं. त्यामुळे आपणहून कोणी विचारायला येईल याची वाट बघू नका, आणि तोंडी काही मागूही नका. प्राचार्यांच्या नावे हिंदीत साधा अर्ज लिहा, आवक शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्या. अर्जात ‘मदत करावी’ असं मोघम लिहू नका. पहिल्या बाकावर जागा, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, रायटर (ती सांगेल ती उत्तरं लिहून देणारा), जादा वेळ, फळ्याचा फोटो काढायची परवानगी, असं एकेक लिहा. यूजीसीच्या सांगण्यानुसार कॉलेजात समान संधी कक्ष असायला हवा. बहुतेक ठिकाणी एखाद्या प्राध्यापकांकडे त्याचं जादा काम असतं. ते कोण आहेत ते ऑफिसात विचारा आणि अर्जाची एक प्रत त्यांनाही द्या.

हे उपकार मागणं नाही. दिव्यांगजन अधिकार अधिनियम 2016 मध्ये आलेला आहे, आणि गरजेनुसार वाजवी सोय नाकारणं हाही त्या कायद्याने भेदभावच ठरतो. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत पाच टक्के जागा राखीव असतात, त्याही याच कायद्याने. अकोल्याला मिळालेलं प्रमाणपत्र इथे पुन्हा काढायची गरज नाही, ते देशभर चालतं. कोणी ‘एमपी का बनवाओ’ म्हणालं तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे केंद्राचं दिव्यांग ओळखपत्र, दाखवा.

खरी अडचण परीक्षेत येते, त्यामुळे तिथे सगळ्यात आधी लक्ष घाला. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. रायटरला पात्र असलेल्या मुलीने रायटर घेतला नाही तरी हा वेळ तिचाच असतो. पण त्या सूचनांत रायटरसाठी अंधत्वाचा उल्लेख थेट आहे, लो व्हिजनचा नाही. अशांना लिहिण्यात अडचण असल्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि ते सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य आरोग्य अधिकारी), सिव्हिल सर्जन किंवा सरकारी हॉस्पिटलचे अधीक्षक देतात. त्याचा नमुना त्याच सूचनांना जोडलेला आहे. नुसतं यूडीआयडी कार्ड घेऊन गेलेली मुलं नेमकी इथेच अडकतात. कॉलेज कुठलं ते सांगत नाही, पण माझ्यासमोर एका मुलीला पेपर सुरू झाल्यावर ‘आपका तो थोड़ा दिखता है ना?’ असं विचारून रायटरला बाहेर बसवलं होतं. त्या दिवशीची तिची घालमेल आठवली की आजही राग येतो. म्हणून हा कागद परीक्षा फॉर्म भरायच्या आधी हातात हवा. वर्षभरात कॉलेजच घेतं त्या मधल्या सीसीई टेस्टना पण जादा वेळ मागा, तिथे हमखास विसरतात. रायटरचे नियम अधूनमधून बदलतात, 2025 मध्येही केंद्राने नव्या सूचना काढल्या, तेव्हा त्या सत्राची सूचना देवी अहिल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून मागून घ्या.

रायटर स्वतःचा आणायचा असेल तर 2018 च्या सूचनांप्रमाणे तो शिक्षणाने एक पायरी खालचा लागायचा; आता किती खालचा लागतो ते त्या सत्राच्या सूचनेत बघा. नुसतं अक्षर चांगलं असलेला मुलगा बघू नका. अकाउंट्सच्या पेपरला नफा-तोट्याचं खातं तोंडी सांगून लिहून घेणं फार कठीण असतं. ‘डावीकडे, दुसरी ओळ, भाडं, बारा हजार; आता आतल्या रकान्यात अधिक, देणं बाकी’ असं बोलत जावं लागतं आणि मांडणी सगळी डोक्यात ठेवावी लागते. रायटरने एक आकडा चुकीच्या रकान्यात टाकला तर ताळा जुळत नाही, आणि चूक कुठे झाली ते मुलीला दिसत नाही. म्हणून त्याच मुलाला घरी बसवून, घड्याळ लावून, मागच्या वर्षांचे दोन-तीन पेपर पूर्ण सोडवून घ्या. प्रत्येक ओळ लिहिल्यावर त्याने ती मोठ्याने वाचून दाखवायची, ही सवय तेव्हाच लावा. परीक्षेत कॅल्क्युलेटरला परवानगी असेल तर तिला बोलणारा कॅल्क्युलेटर वापरता येतो, तेही अर्जात घाला.

वाचायला सुगम्य पुस्तकालयाची, म्हणजे दृष्टिबाधितांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयाची, नोंदणी करा. कॉम्प्युटरवर पडद्यावरचं वाचून दाखवणारं एनव्हीडीए सॉफ्टवेअर फुकट मिळतं. बी.कॉम.ची सगळी पुस्तकं त्या पुस्तकालयात सापडणार नाहीत, मग ती स्कॅन करावी लागतात. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा दिव्यांग वाचकांसाठी तशी प्रत करू देतो, तेव्हा झेरॉक्सवाला घाबरला तर त्याला तसं सांगा. फक्त तक्ते स्कॅनमध्ये पार विस्कटतात, आकडे एकाखाली एक राहत नाहीत. ती पानं माणसानेच वाचून दाखवावी लागतात. रामबाग, लोकमान्य नगर भागात बँकेतून निवृत्त झालेली बरीच मराठी मंडळी आहेत. त्यांना विचारायला अजिबात संकोच करू नका. मला कॉस्टिंग एका निवृत्त काकांनी असंच रोज संध्याकाळी वाचून दाखवलं, एम.ए.नंतर एका नोकरीच्या परीक्षेसाठी, आणि त्यांचे उपकार मी विसरले नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर दिव्यांग विद्यार्थ्यांची पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती असते, पालकांचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवं. मध्य प्रदेश सरकारच्या योजनांना समग्र आयडी (राज्याचा कुटुंब-नोंदणी क्रमांक) आणि मूल निवासी (डोमिसाइल) दाखला मागतात, तुम्ही नुकतेच आलात म्हणून त्यांच्यावर फार विसंबू नका.

वेगळं पाडतील का? पहिले काही दिवस मुली चौकशा करतील, हे खरं आहे. तिला स्वतःच दोन वाक्यांत सांगू द्या की तिला काय दिसतं आणि काय दिसत नाही. ‘फळा दिसत नाही, समोरचा माणूस दिसतो, पण लांबून ओळखू येत नाही’ एवढं पुरतं. नाहीतर पोरी लांबून हात करतात, ही बघत नाही, आणि शिष्ट म्हणून नाव पडतं. प्राध्यापकांकडेही तिला पुढे बोलू द्या, तुम्ही सोबत उभे राहा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर कॉलेजच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे जा. सरकारी कॉलेजात असा अधिकारी नेमणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथेही दाद लागली नाही तर मंगळवारची कलेक्टर ऑफिसातली जनसुनवाई (तक्रारी ऐकून घेतात ती) आहे, 181 ही मुख्यमंत्री हेल्पलाइन आहे आणि भोपाळला आयुक्त निःशक्तजन आहेत. तिघेही पहिल्यांदा तोच शिक्क्याचा कागद बघतात.

आधी हॉस्पिटलच्या प्रमाणपत्राच्या मागे लागा. अर्जाचा मसुदा तयार झाला की इथेच खाली टाका, पण त्यात मुलीचं नाव आणि कार्ड नंबर घालू नका. मी वाचून काय राहिलंय ते सांगते.