मिडवाइफरी (सुईणीचं काम) शिकताना परदेशात प्लेसमेंटला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाला, गेलं की दिवस कसा जातो?
खरं सांगू का, बराचसा दिवस वाट बघण्यातच जातो. सकाळी हँडओव्हर, म्हणजे आधीची पाळी पुढच्या पाळीला सगळं सांगते, कोण किती सेंटिमीटरवर (गर्भाशयाचं तोंड किती उघडलंय), कुणाची पाणमोट फुटलीय हे सगळं भराभर बोलतात, भाषा नवी असेल तर निम्मं डोक्यावरून जातं. मग एका बाईजवळ बसायचं, दर 15 मिनिटांनी बाळाचे ठोके ऐकायचे (मिनिटाला 110 ते 160 असले की हायसं वाटतं), कळा मोजायच्या, पार्टोग्राफ (बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा तक्ता) भरायचा. पिनार्ड म्हणजे ठोके ऐकायचं ते लाकडी नरसाळं, त्याला कान टेकवून हात सोडायचा असतो, मी धरूनच ठेवायचे, त्यामुळे पहिले तीन दिवस स्वतःचीच नाडी ऐकली बहुतेक! आणि 'जोर लावा', 'थांबा', 'श्वास घ्या' एवढं तिथल्या भाषेत आधीच पाठ करून जा, ऐन वेळी गूगल ट्रान्सलेट उघडायला हात मोकळे नसतात.