भीती वाटते म्हणजे विश्वास कमी, असं नाही

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. वर्ष ड्रॉप घेऊन तू 'नीट' ही एमबीबीएसची प्रवेश परीक्षा दुसऱ्यांदा देते आहेस. टेस्टमध्ये फिजिक्सचा भाग आला की हात थरथरतो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. आणि शेवटी लिहिलंस, "ताई, रोज प्रार्थना करते तरी भीती जात नाही. माझा विश्वासच कमी आहे का?" करिअरचं नंतर बोलू, आधी हे.

नाही, बाळा. गेथशेमाने बागेत आपला प्रभू येशूसुद्धा व्याकूळ झाला होता, घाम गाळत प्रार्थना करत होता. त्याचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? आणि एलीया संदेष्टा आठव. जिवाच्या भीतीने रानात पळाला, झुडपाखाली बसून "आता पुरे" म्हणाला. देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, मग देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. वाट चालायची ताकद त्यानंतर आली. तू मात्र दोन वाजेपर्यंत जागून, सकाळचा नाश्ता टाळून फिजिक्स सोडवायला बसतेस. म्हणून पहिली गोष्ट, अकराच्या आत अंथरुणावर. फोन आईच्या खोलीत.

आता नियोजन. काही जणांना वाटतं, देवावर भरवसा असेल तर आखणी कशाला. बायबलमध्ये लूकच्या चौदाव्या अध्यायात येशूच विचारतो, बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करत नाही का? तूही बसून हिशेब कर.

नीटचे 180 प्रश्न, 720 गुण, तीन तास. त्यातले निम्मे, 90 प्रश्न बायोलॉजीचे, आणि तुझी बायोलॉजी चांगली आहे. मग सुरुवात फिजिक्सने का करतेस? आधी बायोलॉजी पन्नास मिनिटांच्या आत संपव, मग केमिस्ट्री, फिजिक्स शेवटी. एक पान सोडवलं की त्याची उत्तरं लगेच ओएमआर उत्तरपत्रिकेवर भर, शेवटी घाईत गोळे रंगवताना हात जास्तच थरथरतो. चुकलं तर एक गुण जातो, तेव्हा अंदाजपंचे ठोकायचं नाही. पेपर दुपारी दोन ते पाच असतो, म्हणून घरचा सरावही त्याच वेळेत कर. प्रत्येक टेस्टनंतर चुका एका वहीत तीन रकान्यांत लिही: येत नव्हतं, वाचताना घसरलं, की घाबरून चुकलं. तिसऱ्या रकान्यात भरपूर नोंदी होतील असा माझा अंदाज आहे, आणि त्या अभ्यास वाढवून कमी होणार नाहीत. हात थरथरला की पेन खाली ठेव, पाय जमिनीला टेकव, सावकाश श्वास सोड आणि मनात एवढंच म्हण, "प्रभू, हा एक प्रश्न." मग तो एकच प्रश्न वाच.

दुसरी वाट आजच कागदावर उतरव. बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याची वेगळी प्रवेश परीक्षा (सीईटी) असते, बी.फार्मसाठी एमएचटी-सीईटी. दोन्हींचे फॉर्म भरायच्या तारखा भिंतीवर लाव. देवाने तुला रुग्णसेवेसाठी बोलावलं आहे असं तू लिहिलंस, त्यावर माझा विश्वास आहे. पण त्या बोलावण्याला एमबीबीएस हे एकच दार आहे असं तूच ठरवून टाकलं आहेस. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल 1894 मध्ये उभं राहिलं. असं मिशन हॉस्पिटल एकट्या डॉक्टरच्या जिवावर चालत नाही, रात्रपाळीची सिस्टर तिथे तितकीच लागते.

इतकं करूनही दोन-तीन आठवड्यांत झोप परत आली नाही, छातीत धडधड होत राहिली, तर डॉक्टरांना दाखव. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जगावंसंच वाटेनासं झालं तर मात्र थांबू नकोस, त्याच क्षणी आईला सांग आणि फोन लाव. पाळकसाहेबांकडून प्रार्थना करून घे आणि औषधही घे, यात विसंगत काही नाही.

नीट बहुतेक मेच्या पहिल्या रविवारी असते. उपासना चुकेल म्हणून मन खाऊ नकोस, शनिवारी संध्याकाळी घरातच सगळे मिळून प्रार्थना करा. रविवारी दीडला केंद्राचं गेट बंद होतं, तेव्हा प्रवेशपत्र, ओळखपत्र, फोटो हे सगळं शनिवारीच एका पाकिटात भरून ठेव. पहिल्या दोन टेस्टनंतरची ती वही मला पाठव, तिसरा रकाना आपण मिळून बघू.

तुझी ताई